नळ आला, पण पाइप कुठून गेलाय? योजनेचा ताबा घेण्याआधी गावानं हे तपासावं

बीड : जलजीवन मिशनमुळे जिल्ह्यात गावोगाव चाऱ्या खोदल्या गेल्या, पाइप पडले, घरापुढं नळ उभे राहिले. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं ठरलं होतं. २०२४ ची मुदत टळली, आता ती २०२८ पर्यंत वाढली आहे. काही गावांत काम उरकलं, काही ठिकाणी बिलं अडकल्यानं अर्धवट आहे. काम पूर्ण झालं की योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात येते. त्या दिवसापासून मोटार, लाईट बिल आणि जमिनीखालची प्रत्येक गळती गावाची. म्हणून खरा प्रश्न सहीच्या आधीचा आहे.

टाकी दिसते, पाइप दिसत नाही

टाकीला तडा गेला तर अख्खं गाव बघतं. पाइप कुठून गेला, किती खोल आहे, कॉक कुठं गाडला गेलाय, हे बऱ्याच गावांत एकट्या वॉलमनला ठाऊक असतं. तो माणूस बदलला की माहितीही गेली. मग नाली खोदताना, केबल टाकताना जेसीबीचा दात लाईनीवर बसतो. फुटलेल्या जागी रबर गुंडाळून माती लोटली जाते आणि तो जोड पुन्हा कुणी उघडून बघत नाही.

धोका लाईन बंद असताना

पाणी चालू असताना फुटक्या पाइपातून पाणी बाहेर येतं. ते वाया जातं, पण आत घाण येत नाही. कॉक बंद झाला की पाइपातला दाब संपतो आणि त्याच भेगेतून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. शेजारी नाली किंवा शौचालयाचा खड्डा असेल तर तेच पाणी पाइपात उतरतं. आपल्याकडं दोन-चार दिवसांआड, कुठं आठवड्यानं पाणी सुटतं, म्हणजे लाईन बहुतेक वेळ रिकामीच. वर घरोघरी नळाला मोटारी लावल्या की ही ओढ आणखी वाढते. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ किंवा वास मारणारं पाणी आलं, तर लाईनीत घाण शिरत असल्याचा संशय घ्यावा.

देशात सर्वांत स्वच्छ शहराचा मान अनेकदा मिळवलेल्या इंदूरमध्ये डिसेंबर २०२५ अखेर हेच झालं. भागीरथपुरा भागात मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्या जागेवर शौचालय बांधलेलं होतं. दूषित पाण्यानं अनेकांचा जीव गेला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावरच आला. नांदेड, किरकटवाडी ही २०२१ पर्यंत ग्रामपंचायतीचीच गावं होती.

जिल्ह्यातली जमीनही कारण

गोदाकाठच्या गेवराई, माजलगाव पट्ट्यात काळी जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचे जोड हलवते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, आष्टी-पाटोद्याकडं, खडक लागला की चारी उथळ राहण्याची भीती असते. मग वरून ट्रॅक्टर गेला तरी पाइप दबतो.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. मिनिटाला १० लिटर गळणारी एकच भेग दोन तासांत १,२०० लिटर घालवते. म्हणजे सुमारे २२ माणसांचा एका दिवसाचा वाटा. २०१६ ला मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. अशा जिल्ह्याला ही गळती परवडत नाही.

सहीच्या आधी काय बघायचं

१. नकाशा : लाईन, कॉक आणि जोड दाखवणारा, काम झालं तसा नकाशा मागा. एक प्रत ग्रामपंचायतीत लावा, फोटो गावच्या ग्रुपवर टाका.

२. दाब चाचणी : पाइप दाबाखाली तपासला का, त्याची नोंद मागा. शक्यतो चारी बुजवण्याआधी, गावातल्या चार माणसांसमोर ती व्हावी.

३. नालीपासून अंतर : केंद्राच्या मॅन्युअलनुसार पाण्याची लाईन गटारापासून ३ मीटर दूर हवी. बोळात तेवढी जागा नसेल तर निदान अर्धा मीटर वरून जावी. नालीतून गेलेली नळजोडणी तर लगेच उचलायला हवी.

४. टाकीची परीक्षा : टाकी भरा, भरणारी मोटार बंद ठेवा, घरोघरच्या तोट्या बंद करून लाईनीचा कॉक उघडा. लाईन भरल्यावर तासभर टाकीतली पातळी बघा. पाणी उतरत राहिलं तर ते जमिनीत चाललंय.

५. शेवटच्या घराचं पाणी : टीसीएल टाकीत टाकलं म्हणून भागत नाही. ओटी टेस्ट गावाच्या टोकाच्या नळाला करा. तिथं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम हवं. टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि टोकाला येत नाही, तर मधली लाईन तपासा. पाणी तपासणीसाठी प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. ते किट कपाटात पडून आहे का, हेही विचारा.

पैसा कुठून येणार?

१५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीचा ६० टक्के निधी बंधित ठेवला. त्यातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं. दुसरा पैसा पाणीपट्टीचा. पाणी नीट येत नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत आणि पट्टी नाही म्हणून दुरुस्ती होत नाही. हे चक्र आधी ग्रामपंचायतीनं तोडावं. गळती काढून दाखवावी, जमाखर्च फळ्यावर लिहावा, मग वसुलीला जावं.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात आहे आणि तिच्यात निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला ग्रामसभेत एक हात वर झाला तरी पुरतं. ताबा घेतल्यावर ठेकेदाराला शोधत फिरण्यापेक्षा ताब्याच्या आधीचे हे प्रश्न स्वस्त पडतात.