मोडलेला आख आणि न लिहिलेला इतिहास

१/१३
गेल्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातील एका पाणंदीत माझ्या मामांची जुनी जीप रुतली. चारही चाकांना ओढ असलेली ती गाडी आणि तिच्यावर मामांचा भारी विश्वास. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवले, ॲक्सिलरेटर दाबला आणि पुढच्या डाव्या चाकामागून वाळके लाकूड मोडावे तसा आवाज आला. आखाचा सांधा तुटला होता. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मग तो कोणाचा होता? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/१३
आधी शब्द पाहू. बैलगाडीची दोन चाके ज्या दांड्यावर फिरतात त्याला आपण आख म्हणतो. कोठे कणा, कोठे आस. ‘आख’ हे संस्कृत ‘अक्ष’ शब्दाचे रूप. लॅटिनमधला ‘ॲक्सिस’ आणि इंग्रजीतला ‘ॲक्सल’ हे त्याच कुळातले. गॅरेजमधला मिस्त्री ‘एक्सल’ म्हणतो आणि शेजारचा शेतकरी ‘आख’ म्हणतो, तेव्हा दोघेही एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे उच्चारत असतात.

३/१३
आख मोडण्याची भीतीही तितकीच जुनी आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील ५३ व्या सूक्तात प्रवासाला निघालेल्या गाडीच्या आखालाच विनवले आहे की, मजबूत राहा. तेथे खैराच्या गाभ्याचा आणि शिंशपेच्या लाकडाचा नावानिशी उल्लेख येतो. पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात कालचक्राचे वर्णन आहे. त्या चाकाचा आख एवढा भार वाहूनही तापत नाही, मोडत नाही, याचे कवीला नवल वाटते. ज्याने मोडलेले आख पाहिले असतील, त्यालाच न मोडणाऱ्या आखाचे नवल वाटणार.

४/१३
आता आपल्या मुलखात येऊ. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला गेला. त्याची एक वाट औरंगाबादवरून नांदेडकडे, म्हणजे आजच्या परभणीच्या टापूतून जात होती. मालाच्या एकेका गाड्याला दहा-बारा बैल जुंपलेले असत, असे तो सांगतो. प्रत्येक गाड्यासोबत चार शिपाई चालत. गाड्यावरून दोन दोर टाकलेले असत आणि त्यांची टोके या चौघांच्या हाती असत. वाईट जागी गाडा कलला की, विरुद्ध बाजूचे दोघे दोर ताणून तो सावरत.

५/१३
त्या चार शिपायांकडे जरा थांबून पाहावे. रस्ता वाईट आहे हे गृहीत धरून त्यावर मनुष्यबळाचा खर्च आधीच केलेला होता. आपल्या काळ्या मातीत याला पर्याय नव्हता. ही माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला लोण्यासारखी धरते. उन्हाळ्यात तिलाच पाय मुरगळावा एवढ्या भेगा पडतात. ओल्या रानात चाक खाली खेचले जाते, सुकलेल्या चाकोरीत ते हिसके खाते. दोन्ही वेळी मार शेवटी आखावरच येतो.

६/१३
बैलगाडीत आख सहसा फिरत नाही. चाकाचा तुंबा त्याच्या टोकावर फिरतो आणि तो निसटू नये म्हणून बाहेर खीळ असते. म्हणजे सगळी झीज तुंबा आणि आख यांच्या त्या वीतभर सांध्यात. म्हणून गाडीवानाजवळ वंगणाचे नळकांडे हवेच. वंगण आटले की चाक कुरकुरते. ती कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी केली की, भर सुगीत माल रस्त्यावर आणि माणूस सुताराच्या दारात. सुतार तुंबा पाही, लोहार चाकाची लोखंडी धाव तापवून पुन्हा चढवी.

७/१३
त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली गावव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘गावगाडा’. तो गाडा चालता ठेवणाऱ्यांत सुतार-लोहार होते. मात्र या चित्राला सोनेरी चौकट लावू नये. बलुतेदारीत कसब जातीला बांधलेले होते आणि मोबदला खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीने मिळे. ती व्यवस्था परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. एवढेच म्हणायचे आहे की, दुरुस्तीचे ज्ञान तेव्हा गावात होते आणि ते ज्यांच्या हातात होते, त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

८/१३
आता जीप. पुढच्या चाकाने दोन कामे एकाच वेळी करायची असतात : वळायचे आणि ओढायचे. सरळ दांडा वळणार कसा? म्हणून दोन चिमट्यांच्या मध्ये अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा बसवतात. मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्याला सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानोचे नाव चिकटले आहे; इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली तो एका खगोलयंत्रासाठी वर्णिला. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यांच्या पुढच्या आखात वेगवेगळ्या चार रचनांचे सांधे वापरले गेले. त्यांपैकी एक याच क्रॉसच्या जातीचा. १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी होऊ लागली आणि तिच्यासोबत या सांध्याचा संसारही इथे आला.

९/१३
या क्रॉसची एक खोड आहे. चाक सरळ असताना तो मुकाट्याने काम करतो. चाक जितके वळवावे, तितकी त्याची गती प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होते आणि ताण त्याच्या टोकांवर साचतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले, चाक चिखलात घट्ट धरलेले आणि वरून इंजिनाचा सगळा जोर : सांधा तुटायला याहून चांगला मुहूर्त नाही. चाक आधी गरगर फिरून अचानक दगडावर पकड घेते, तेव्हाही तेच होते. मामांनी नेमके हेच केले होते.

१०/१३
जिंतूरहून मिस्त्री आले. आल्याबरोबर म्हणाले, “मामा, रुतलेली गाडी जोरानं निघत नसती. आधी चाक सरळ करावं, मग चिखल उकरावा, मग हळू रेस द्यावी.” त्यांनी चाक उतरवले, तुटलेला अर्धा आख बाहेर काढला, पुढची ओढ बंद केली. फावडे, दोन फळ्या आणि चार माणसांचे खांदे यांच्या मदतीने गाडी नुसत्या मागच्या चाकांवर बाहेर आली. मला कर्ण आठवला. त्याने घोड्यांना चाबूक मारला नाही, तो खाली उतरून हाताने चाक उचलू लागला. रीत बरोबर होती, वेळ चुकीची.

११/१३
मग त्यांनी क्रॉसचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “ताई, तुम्ही इतिहास शिकता ना? हे वाचा.” तुटीचा एक कोपरा गंजून काळपट झाला होता, उरलेला भाग नव्या पोलादासारखा चकाकत होता. काळा कोपरा म्हणजे जुना तडा. त्यात कित्येक महिने पाणी जात होते. चकाकणारा भाग म्हणजे आजची तूट. ग्रीस संपले होते, टोपीतल्या सुया गंजल्या होत्या. मामांच्या पायाने फक्त शेवटचे काम केले. तुटणे क्षणाचे होते, झिजणे वर्षांचे. मूळ साधन वाचायला मला दोन वर्षे विद्यापीठात शिकवले. पण इतके नेमके वाचन मी क्वचित पाहिले आहे.

१२/१३
इथे माझे मत मांडते. माझ्या लघुप्रबंधात परभणीच्या वाहतुकीवर एक प्रकरण आहे. मनमाड–सिकंदराबाद रेल्वे आहे, निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली सुरू केलेली बससेवा आहे, पूल आणि सडका आहेत. ती चालती ठेवणारा एकही माणूस त्यात नाही. आपण वाहन आल्याची तारीख लिहितो. ते मोडल्यावर कोणी उभे केले, हे लिहीत नाही. माझ्या मते एखादे यंत्र एखाद्या मुलखाचे होते, ते तिथे विकले गेले म्हणून नव्हे, तर मोडल्यावर तिथेच दुरुस्त होऊ लागले म्हणून. आणि हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली; तिच्या विषयांत शेती अवजारे आणि मोटारगाड्याही होत्या. पूर्वी नुसता क्रॉस बदलून भागे, आता अनेकदा अख्खा दांडाच घ्यावा लागतो, असे मिस्त्री सांगतात. सुटा भाग मिळेनासा झाला की, तो बसवणारा हातही बेकार होतो. पाणंद रस्ते पक्के व्हावेत ही मागणी रास्तच आहे. पण रस्ता पक्का होईतो शेतकऱ्याला जवळचा मिस्त्रीच तारतो.

१३/१३
ते प्रकरण मी पुन्हा लिहिते आहे. चाके घडवणारे सुतार आता विरळा. मिस्त्रींचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि हे काम तो करणार नाही. त्याला दोष कसा द्यावा? मात्र ते ज्ञान कागदावर तरी उतरावे. वाचकहो, तुमच्या गावात तुंबा भरणारे, धाव चढवणारे किंवा जीपचे क्रॉस बदलणारे कोणी वयस्कर असतील, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. अवजारांची नावे त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. तुटलेला तुकडा माझ्या टेबलावर, संदर्भग्रंथांच्या शेजारी ठेवला आहे. धागा इथे थांबवते.