ज्याचे केस गळले नाहीत, त्यालाही विचारा

डिसेंबर 2024 संपता संपता आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. वाहिन्यांनी लगेच नाव ठेवलं, ‘टक्कल व्हायरस’. व्हायरस कुणी पाहिला नव्हता, पण नाव पडलं आणि त्या गावांतल्या पोरापोरींची लग्नं अडू लागली.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि ते साहजिकच होतं. हा खारपाणपट्टा. इथे पोट बिघडलं, किडनी गेली, काहीही झालं तरी बोट आधी विहिरीकडे जातं. पण खारं पाणी पिढ्यान्‌पिढ्या होतं, केस आत्ताच का गळावेत? ज्या कारणाची सवय आहे तेच आधी दिसणं, संशोधनातला पूर्वग्रह इथूनच सुरू होतो. त्याला वाईट हेतू लागत नाही.

मग आयसीएमआरचं पथक आलं, रक्ताचे नमुने गेले. विंचूदंशावरच्या कामामुळे माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. 18 गावांतले 279 रुग्ण आणि स्थानिक गव्हाच्या 600 पट सेलेनियम, हे आकडे बातम्यांत आले. पंजाबच्या काही पट्ट्यांतल्या मातीत सेलेनियम जास्त असतं, हे आधीपासून ठाऊक आहे.

मला यात सर्वांत महत्त्वाचे शब्द वाटतात ते ‘स्थानिक गव्हाच्या’. 600 पेक्षाही. फक्त टक्कल पडलेल्यांना “काय खाता?” असं विचारलं असतं तर बहुतेकांनी रेशनचा गहू सांगितला असता. पण ज्यांचे केस शाबूत आहेत ते शेजारीही तोच खात असतील, तर त्या उत्तरातून काय कळणार? तुलना हवी: त्याच गल्लीतली, रेशन न घेणारी घरं, रेशन घेऊनही काही न झालेली घरं. शिवाय गव्हाची बातमी छापून आल्यावर “कधीपासून वेगळा गहू आला?” असं विचारलं की प्रत्येकाला तारीख आठवते. स्मरणशक्तीही पेपर वाचते. म्हणून प्रयोगशाळेत पुड्या नुसत्या क्रमांकाने जाव्यात, कुठला गहू कुणाच्या घरचा हे तपासणाऱ्याला कळू नये.

मी सॉफ्टवेअरवाला. तक्रार करणाऱ्यांच्याच नोंदी वाचून ‘सगळ्यांचं ॲप बंद पडतंय’ असं ठरवण्याची चूक मी पगार घेऊन केली आहे.

हीच चूक आपल्यावर उलटली तेव्हा आपल्याला ती लगेच ओळखता आली. 18 एप्रिल 2020 ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की 14,378 पैकी 4,291 कोरोनाबाधित तबलिगी जमातच्या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. एकूण किती जणांची तपासणी झाली, त्यात जमातवाले किती, हे त्या आकड्यात नव्हतं. जिथे शोधाल तिथे सापडणार. पुढे 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. तोवर भाजीवाल्यांचे गाडे मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हाकलून झाले होते.

पण खरं सांगायचं तर व्हॉट्सॲपवर ‘पोलिओच्या डोसमध्ये काहीतरी आहे’ असं येतं तेव्हा तपासणी किती जणांची झाली, हे आपण विचारत नाही. आणि सीएए-एनआरसीच्या काळात सर्वेक्षणाला आलेल्यांना अनेक वस्त्यांनी दारातून परत पाठवलं. भीती खरी होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण परत पाठवलेलं घर आकड्यातून गळतं, आणि आकड्यात नसलेल्या आजारासाठी दवाखाना मागता येत नाही.

शेगावचंच पाहा. पुरुषाचं टक्कल चावडीवर दिसतं. पदराखालचं, ओढणीखालचं, बुरख्याखालचं कोण मोजणार? शिबिरात पुरुष डॉक्टर आणि समोर अर्धं गाव असेल तर आपली खाला तिथे डोकं उघडून बसेल का?

तेव्हा पथक आलं की त्यांना विचारा: बाई तपासणीस आहे का, ज्यांना काही झालं नाही त्यांचं रक्त घेणार का, निकाल आम्हाला कधी सांगणार. आणि आशाताई फॉर्म घेऊन घरी आल्या की अब्बांना थोडा वेळ बाहेर चहा द्या. अम्मीची उत्तरं अम्मीला देऊ द्या.