'तुमचा रिफंड मंजूर झालाय' असा ईमेल आलाय? क्लिक करण्याआधी हे वाचा

प्राप्तिकराचं रिटर्न भरून झालं, की रिफंड कधी येणार याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. नेमका त्याच दिवसांत एक ईमेल येतो. वर राजमुद्रा, विभागाचं नाव आणि खाली मजकूर: 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे. २४ तासांत खात्याची माहिती भरा.'

यालाच फिशिंग म्हणतात. ओळखीच्या संस्थेचं सोंग घ्यायचं आणि समोरच्याकडून पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचे तपशील काढून घ्यायचे.

लोक का फसतात?

ऑगस्ट २०२३ मध्ये १५,४९० रुपयांच्या रिफंडचा एक मेसेज व्हायरल झाला होता. 'पीआयबी फॅक्ट चेक'ने तो खोटा असल्याचं सांगितलं. त्यात एक खाते क्रमांक होता आणि तो चुकीचा असेल, तर लिंकवर जाऊन दुरुस्त करा, असं म्हटलं होतं. पैसे भलत्याच्या खात्यात जातील या भीतीने माणूस क्लिक करतो. खेळ इथेच आहे: हाव किंवा भीती, आणि सोबत घाई.

खोटा ईमेल कसा ओळखायचा?

पूर्वी अशुद्ध इंग्रजीवरून संशय यायचा. आता एआयमुळे खोटा ईमेलही निर्दोष लिहिता येतो. पाठवणाऱ्याच्या जागी कुठलंही नाव टाकता येतं.

म्हणून लिंकचा पत्ता पाहा, आणि तोही शेवटाकडून. विभागाचं खरं पोर्टल 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' आहे. पण पहिल्या तिरक्या रेघेआधी पत्ता 'अमुकतमुक डॉट कॉम'वर संपत असेल, तर त्याच्या सुरुवातीला 'इन्कमटॅक्स' लिहिलेलं असूनही ती साइट त्या अमुकतमुकची. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा पत्ता आणला आहे. त्यावर जाण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती.

मग खऱ्या ईमेलचं काय?

प्राप्तिकर विभाग खरे ईमेलही पाठवतो, त्यामुळे सगळेच डिलीट करून चालत नाही. सोपा उपाय म्हणजे ईमेलमधली लिंक वापरायचीच नाही. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि लॉगिन करा. नोटीस खरी असेल, तर ती तिथे दिसेल. रिफंड तुम्ही पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात जमा होतो. त्यासाठी विभाग ईमेलवर पिन, ओटीपी किंवा पासवर्ड मागत नाही.

माहिती दिली गेलीच तर?

लाजून गप्प बसू नका. आधी बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा. लगेच १९३० वर फोन करा किंवा 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन'वर तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यात गेले, तिथून ते काढले जाण्याआधी थांबवता येऊ शकतात. ईमेलचा पासवर्डही बदला.

इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः पासवर्ड वगैरे दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं.

थोडक्यात, क्लिक करायला उशीर झाला तरी रिफंड बुडत नाही. तक्रारीला उशीर झाला, तर मात्र पैसे बुडू शकतात.