बारा-चौदाच्या पोरांना काय वाचायला द्यावं?

सुट्ट्या जवळ आल्या की नात्यातून फोन येतात. "आप्पा, पोराला कुठलं पुस्तक घेऊ? संस्कार होतील असं सांगा." पोराला काय आवडतं, हे मात्र कुणीच सांगत नाही!

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' मला आजही प्रिय आहे. पण औषधासारखी पाजली की मूल तोंड फिरवतं. दहा-अकराच्या मुलाला आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा उपदेश करत नाही, सायकल काढतो आणि संकटात घुसतो. (२०१७ च्या सिनेमात तो मोठा झालाय. पुस्तकातलाच बरा.)

खरी अडचण तेरा-चौदाला येते. बालकथा पोरकट वाटतात, कादंबऱ्या जड जातात. इथं माझं मत प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'ला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन. सुमीबद्दल काय वाटतं ते त्याला धड सांगताही येत नाही. घरात कुणाशी बोलता येत नाही असं बरंच काही त्या वयात मनात असतं, ते इथं सापडतं. काही आईवडील सुमीच्या नावानं बिचकतात. बिचकू देत! पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' आहेतच.

इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांना त्यातली कानडी वळणाची बोली अडते. तेव्हा पहिली दहा पानं तुम्हीच मोठ्यानं वाचा. आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानात जाताना पोराला बरोबर न्या, उभ्या उभ्या चार पानं चाळू द्या. नाही आवडलं तर निमूटपणे दुसरं उचला.