गाडीतलं पाणी: आधी वाट शोधा, मग सिलिकॉनची नळी काढा



आज पिकाबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितो. पण मुद्दा आपल्या वावरातलाच आहे, वाचत गेलात की लक्षात येईल.

दोन-चार मोठे पाऊस झाले की आपल्या भागातल्या गॅरेजवर एक तक्रार हमखास येते. "भाऊ, पायाखाली पाणी येऊन राहिलं." त्यावर इलाजही बहुतेक वेळा ठरलेला. सिलिकॉनची नळी काढायची, समोरच्या काचेच्या कडेनं एक रेघ ओढायची, दोन-तीनशे रुपये घ्यायचे. पुढच्या पावसात मॅटिंग पुन्हा ओलं. मग दुसरी रेघ.

सोयाबीन पिवळं पडलं म्हणून दुकानात जाऊन "काहीतरी द्या" म्हणणं आणि हे, दोन्ही सारखंच. सोयाबीन पाणी साचून मुळं गुदमरली तरी पिवळं पडतं, लोह कमी पडलं तरी पिवळं पडतं, आणि पांढऱ्या माशीनं पिवळा मोझॅक आणला तरी पिवळंच पडतं. इलाज तिन्हींचा वेगळा. पान उलटून पाहिल्याशिवाय, मूळ उपटून पाहिल्याशिवाय फवारणी केली तर पैसा गेला आणि हंगामही गेला. गाडीच्या गळतीचं तसंच आहे. माझं म्हणणं एवढंच की गळतीत खरं काम शोधण्याचं असतं, बुजवणं त्यानंतरचं आणि बहुतेक वेळा किरकोळ. आणि यात एकट्या मेकॅनिकला दोष देऊन भागत नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून नळीचे पैसे देतो, पण तासभर शोधण्याचे पैसे द्यायला कुरकुरतो. मग तोही नळीच विकतो.

आता थोडा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. गाडीची समोरची काच ढोबळमानानं एक चौरस मीटर धरा. म्हणजे अतिवृष्टीच्या दिवशी उभ्या गाडीच्या नुसत्या काचेवरून ६५ लिटर, घरच्या १५ लिटरच्या चार बादल्या भरून वर उरेल एवढं पाणी खाली जातं. टपावरचं थोडंफार त्यात आणखी येतं. हे सगळं वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीतून आत उतरतं, तिथल्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या बाजूला खाली पडतं. कंपनीनंच तशी वाट करून दिलेली असते. गाडी म्हणजे पाणी अजिबात आत न येणारा डबा नव्हे. तिच्यात पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, अगदी बीबीएफवर पेरलेल्या वावरासारख्या. सरी मोकळी असेल तर कितीही पडो, निघून जातं. सरीचं तोंड बुजलं की वरंब्यावर चढतं.

आमच्या घरची डिझेल गाडी मागच्या जुलैत अशीच डाव्या बाजूनं ओली व्हायला लागली. तालुक्याच्या एका गॅरेजवर दोनदा काचेला सिलिकॉन मारून झालं. पाणी होतं तिथंच. शेवटी घरीच पुतण्याला बॅटरी घेऊन आत बसवलं आणि बाहेरून नळीनं पाणी सोडलं. काचेच्या कडेवर सोडलं, काही नाही. जाळीवर सोडलं आणि पाच मिनिटांत आतून आवाज आला, "काका, ब्लोअरपाशी टपकलं!" जाळी उघडली तर आत कडुनिंबाच्या काड्या, सोयाबीनचं कुटार आणि धुळीचा घट्ट गाळ. भोकं पार बंद. पन्हळ भरायची आणि पाणी ब्लोअर जिथून हवा ओढतो त्या तोंडातून आत उतरायचं. दोन ओंजळी गाळ काढला, वायरनं भोकं मोकळी केली. सिलिकॉनचा एक थेंब लागला नाही.

कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावणारे आणि मळणीच्या दिवसांत खळ्यावर गाडी उभी करणारे आपण. आपल्या गाड्यांत हे होणारच. शहरातल्या माणसाला कदाचित वर्षानुवर्षं जाळी उघडावी लागत नसेल, आपल्याला वर्षातून दोनदा उघडायला पाहिजे. एकदा मृगाच्या आधी, एकदा सोयाबीन निघाल्यावर.

आता शोधायचं कसं ते सांगतो. पहिली गोष्ट, पाणी कोणतं ते ओळखा. गाडीत तीन प्रकारचं पाणी येतं.

एक, पावसाचं. पाऊस झाला किंवा गाडी धुतली की येतं, एरवी कोरडं.

दोन, एसीचं. पाऊस नाही, ऊन रणरणतंय, तरी डाव्या पायाखाली ओल. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ जमून पाणी होतं आणि ते एका छोट्या नळीतून गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली की पाणी आत सांडतं. तपासणी सोपी. दमट दिवशी एसी वीस मिनिटं चालवा आणि गाडीखाली पाहा. खाली थेंब पडत नसतील आणि आत ओल असेल, तर नळी तुंबलेली. मऊ वायरनं किंवा हलक्या हवेनं खालच्या टोकाकडून साफ होते. काँप्रेसरची पूर्ण हवा मारू नका, आतला जोड निसटतो.

तीन, कूलंट. हातावर तेलकट-चिकट लागतं, गोडसर वास येतो, रंग हिरवा, गुलाबी किंवा निळसर असतो, काच आतून धुरकट होते आणि बाटलीतली पातळी कमी होत जाते. हे डॅशबोर्डच्या आतल्या हीटरच्या कॉइलमधून येतं. हे घरी करायचं काम नव्हे, सरळ चांगल्या मेकॅनिककडे न्या. कूलंट चाखून बघायचं नाही, ते विषारी असतं. अंगणात सांडलं तर लगेच धुऊन माती टाका, कुत्रं किंवा वासरू चाटेल.

पावसाचंच पाणी आहे हे नक्की झालं की मॅटिंग उचला. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, खालचा फोम पिळला तर पाणी निघतं. सगळं बाहेर काढून पत्रा कोरडा करा. मग संशय असेल त्या जागेवर टाल्कम पावडर किंवा बारीक चुना भुरभुरा. पाणी जिथून उतरेल तिथं पांढऱ्यावर ओघळ उमटतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पाणी दिसतं एकीकडे आणि शिरतं दुसरीकडे. पत्र्याच्या आतल्या कडेनं ते हात-दोन हात चालत जातं. धुऱ्याच्या खालच्या अंगाला ओल दिसते, पण उंदराचं बीळ वरच्या अंगाला असतं, तसं.

मग एक जण आत, एक बाहेर. नळीला जोर नको, नुसती धार. सुरुवात खालून करा आणि वर चढत जा. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराच्या रबराची कड, मग जाळी, मग काच, शेवटी टप. एका जागी आठ-दहा मिनिटं थांबा. सुरुवातीलाच टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. एका वेळी एकच जागा, हे प्रयोगाचं सूत्र कृषी विद्यापीठवाल्यांना सांगायला नको.

दाराच्या बिडिंगसाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून आली तर बिडिंग ठीक, सरकन निघाली तर तिथं दाब नाही. दुसरी युक्ती म्हणजे सगळ्या काचा लावायच्या, हवा बाहेरून घेण्यावर ठेवून ब्लोअर फुल करायचा आणि बाहेरून कडांना साबणाचं पाणी लावायचं. जिथं फट, तिथं बुडबुडे.

कोणत्या जागी काय सापडतं, तेही सांगतो. दारात काचेच्या फटीतून पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. ती भोकं चिखलानं बुजली की पाणी दारातच डुलतं. वळणावर दारात डुबुक आवाज आला तर समजा. दाराच्या पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना तो फाटला आणि तसाच सोडला की पाणी आत. टेप, जास्तीचे लाइट, हॉर्न बसवताना वायरी नेण्यासाठी पाडलेली भोकं रबरी बुचाशिवाय राहतात. उंदीर रबर कुरतडतात. टपावर कॅरिअर असेल तर त्याचे बोल्ट पाहा. डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर मागच्या लाइटचं रबर आणि डिक्कीची बिडिंग पाहा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या.

आता बुजवण्याबद्दल. भोक तुंबलेलं असेल तर मोकळं करा. रबर गेलं असेल तर रबर बदला. फाटलेला कागद ब्यूटाइल टेपनं चिकटवा. काच खरोखर गळत असेल तर ती काढून युरेथेननं पुन्हा बसवणं हाच इलाज, आणि ते कसबी माणसाचं काम आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्याला लावू नका. ते वाळताना आम्ल सोडतं आणि आतून गंज धरतो. वर रेघ चकचकीत आणि खाली पत्रा खाल्लेला, अशी गत होते. शिवाय पुढं काच नीट बसवायची म्हटलं की ते सगळं खरडून काढावं लागतं. सर्वांत वाईट म्हणजे घाईत कोणी पाणी बाहेर जायचं भोकच सिलिकॉननं बंद करतो. हे तर शेताचा चर बुजवून वर पाऊस थांबायची वाट पाहण्यासारखं झालं.

कोणी म्हणेल, खरिपात पेरणी, डवरणी, फवारणी सोडून गाडीला तास-दोन तास कोण देणार? थोडं पाणी आलं तर काय बिघडतं? बिघडतं. आपण त्याच गाडीत युरिया, पोटॅश आणतो. थोडं सांडतंच. खत आणि ओल एकत्र आली की पत्रा फार लवकर सडतो, पोटॅशमधल्या क्लोराइडनं तर जास्तच. सोयाबीनच्या बियाण्याचं साल पातळ, ओलीत बॅग राहिली तर उगवण मार खाते. मॅटिंगखालून वायरी जातात, त्यांचे जोड हिरवे पडतात आणि मग कधी लाइट जातो, कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कारण सापडत नाही. बुरशीचा वास लागलेल्या गाडीतून दम्याचं माणूस दवाखान्यात न्यायची वेळ आपल्यावरच येते. आणि विकायला काढली की पहिल्यांदा मॅटिंग उचलूनच पाहतात.

एक अपवाद मान्य करतो. पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी, पत्र्याचा जोडच गंजून उघडा पडलाय, तिथं डेंटरकडून खरडून, रंगाचा हात देऊन वर सीलर मारणं बरोबर आहे. पण तेही जोड सापडल्यावर.

आणि पुराचं पाणी हा वेगळा विषय. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराचं पाणी गावांत शिरलं, ते आपण विसरलो नाही. गाडीत असं खालून पाणी शिरलं असेल तर सेल मारू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा. गाडीचा पूर्ण विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात धरतात, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पाणी गेलेलं असताना चालू करून इंजिन फोडलं तर त्याचे पैसे सहसा वेगळा इंजिनाचा कव्हर घेतला असेल तरच मिळतात. आणि रोजची हळूहळू होणारी गळती, गंज, झीज हे कोणत्याच विम्यात बसत नाही. ते आपल्याच खिशातून जातं.

म्हणून माझी दोन मागण्या आहेत. आपल्याकडून एक, पेरणीआधी ट्रॅक्टरचं, पंपाचं, डवऱ्याचं पाहतो त्यात गाडीची जाळी आणि दाराची भोकंही धरायची. अर्ध्या तासाचं काम आहे. गॅरेजवाल्या भावांकडून एक, नळी काढण्याआधी पाणी सोडून दाखवा आणि त्या तासाची मजुरी उघडपणे मागा. कुठून शिरतंय ते डोळ्यांनी दिसलं तर ती मजुरी आम्ही देऊ. द्यायलाच पाहिजे. पीक पाहून, मूळ तपासून फवारणी थांबवणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला आपण मानतो, कारण त्यानं औषधाचा खर्च वाचवलेला असतो. गाडीची वाट शोधून देणाऱ्या पोरालाही तोच मान मिळू द्या.