भूकंप नसलेल्या गावाला भूकंपमापक

भिलईच्या खुर्सीपारजवळ एक चांगला भूकंपमापक बसवावा असे सुचवले, तर ‘इथे कशाला?’ असाच प्रश्न येईल. शेजारच्या पोलाद कारखान्याची धडधड सोडली तर इथली जमीन हलत नाही. 2002 च्या अधिकृत भूकंप-नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मग यंत्रे हिमालयात, ईशान्येत, फार तर कोयनेला असावीत, हे बोलणे व्यवहारी वाटते. ते अर्धेच खरे आहे. भूकंपमापक इथला हादरा नोंदवतो तसा जगाच्या दुसऱ्या टोकाचाही नोंदवतो, आणि ती दूरची लहर येताना पायाखालच्या शेकडो किलोमीटर खडकाची खबर घेऊन येते. त्या खबरीसाठी गाव भूकंपाचे असण्याची गरज नाही.

खबर कसली, हे पोलादाच्या वस्तीत समजावणे सोपे. प्लेट मिलमधून निघालेल्या पत्र्याचा नमुना लांबीत कापला की आडवा, यावर चाचणीचा आकडा बदलतो, कारण रोलरखाली दबताना आतली रचना एका दिशेला ओढली जाते. अशा पत्र्यातून ध्वनिलहर सोडली तर तिचा वेगही दिशेप्रमाणे किंचित बदलतो. पृथ्वीच्या प्रावरणात हेच घडते, फक्त लाटण्याला कोट्यवधी वर्षे लागतात. तिथले मुख्य खनिज ऑलिव्हिन. त्याच्या एका अक्षाने दाबलहर सेकंदाला सुमारे 9.9 किलोमीटर धावते, तर दुसऱ्याने 7.7. तप्त खडक संथपणे सरकत राहिला की हे स्फटिक प्रवाहाच्या दिशेला ओळीने लागतात आणि सारा खडकच एका दिशेला वेगवान होतो. 1964 मध्ये हॅरी हेस यांनी पॅसिफिकच्या तळाखाली हा फरक दाखवला: समुद्रतळ ज्या दिशेने पसरला, त्याच दिशेने लहरी जास्त वेगाने जात होत्या. शास्त्रज्ञ याला विषमदैशिकता म्हणतात. आपण दिशाभेद म्हणू.

आता फिजी-टोंगाकडे मोठा भूकंप झाला असे समजा. तिथून भिलई साधारण साडेअकरा हजार किलोमीटर. तिथली कर्तनलहर, म्हणजे खडकाला वाटेशी आडवे हलवणारी लहर, पृथ्वीच्या द्रवरूप बाह्यगाभ्याशी पोचते, पण द्रवातून तिला जाता येत नाही. तेवढ्या वाटेपुरती ती दाबलहर होते आणि बाहेर पडताना पुन्हा कर्तनलहर बनते. या रूपांतरात आधीच्या प्रवासातल्या दिशाभेदाची पाटी कोरी होते. पुढे दिशाभेदामुळे ती एका वेगवान आणि एका मंद अशा दोन लहरींत फाटली, तर त्याचे कारण गाभा आणि आपले यंत्र यांच्यामधल्या खडकातच असणार. दोघींत अंतर पडते ते जेमतेम सेकंदभराचे. भारतीय ढालक्षेत्राखाली, म्हणजे द्वीपकल्पाच्या प्राचीन खडकाखाली, दिशाभेद जवळजवळ नाहीच, असे सुरुवातीच्या मोजक्या नोंदींवरून वाटले होते. पुढे स्थानके वाढली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना बऱ्याच ठिकाणी वेगवान दिशा ईशान्येकडे, म्हणजे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकणाऱ्या आपल्या भूपट्टाच्या वाटेने गेलेली दिसली. नोंदी वाढल्या तसे चित्र पालटले.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की ही लहर खालून जवळजवळ सरळ वर येते, त्यामुळे तिने सांगितलेली दिशा किती खोलीवरची हे कळत नाही. आजच्या प्रवाहाची खूण असेल, किंवा अब्जावधी वर्षांपूर्वी भिलईखालच्या बस्तर या जुन्या भूखंडात गोठलेली. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. शेजारशेजारच्या स्थानकांकडे येणारे लहरींचे पट्टे खोलवर एकमेकांवर येतात. म्हणून पन्नास किलोमीटरवर दिशा एकदम बदलली तर कारण उथळ असले पाहिजे. हा निवाडा करायला यंत्रे दाट हवीत. अमेरिकेने 2004 ते 2015 या काळात सुमारे चारशे फिरती स्थानके सत्तर-सत्तर किलोमीटरवर मांडत देश पालथा घातला. आपली राष्ट्रीय स्थानके दीडशेच्या थोडी वर. ती समान विखुरली तरी दोन स्थानकांत सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतील, आणि प्रत्यक्षात ती समान विखुरलेली नाहीतच.

याने भूकंप आधी कळेल का? नाही, आणि तसे आश्वासन देऊन पैसा मागू नये. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंपही याने सांगितला नसता. पण तो टापू तेव्हाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित गटात होता, आणि तिथल्या काळ्या पाषाणाचा थर 338 मीटरच जाड आहे हे विंधन घेऊन पाहिले ते सुमारे दहा हजार माणसे गेल्यावर. 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप तर सुमारे पस्तीस किलोमीटर खोलीवरून, कवचाच्या तळाकडून आला. मध्य भारत शांत आहे असे म्हणताना आपण त्याच्या अंतरंगाविषयी फारसे काही म्हणत नसतो.

राहिला कारखान्याच्या गोंगाटाचा मुद्दा. मिल आणि मालगाड्यांची कंपने सेकंदाला अनेक. फिजीची लहर आठ-दहा सेकंदांत एकदा झुलते. त्यांना चाळणीने वेगळे करता येते. तरी यंत्र वस्तीबाहेर दहा-वीस किलोमीटरवर, पक्क्या खडकावर ठेवावे हे बरे. दाट मांडणीची सुरुवात इथूनच करता येईल. नागपूर ते भिलईशेजारचे दुर्ग हा रेल्वेमार्ग अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरचा. सत्तर किलोमीटरच्या हिशेबाने त्याच्या कडेने चार-पाच यंत्रे पुरतात. गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव ही ठिकाणे वाटेतच आहेत.