परीचा रंग कोणता?



स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यात परी कोण होणार, हे ठरवताना मी पटकन वर्गातल्या गोऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. मधल्या सुट्टीत दुसरी एक चुणचुणीत मुलगी जवळ आली. "बाई, समुद्रातल्या प्राण्यांपासून गोरं होण्याचं औषध निघतं का हो?"

मी म्हटलं, "आपल्या त्वचेतल्या काही पेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात. त्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागतं. त्यात तांब्याचे अणू असतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तेही अशाच तांबेवाल्या विकरामुळे. माशांची कातडी, जेलीफिश यांच्यातल्या प्रथिनांचे छोटे तुकडे म्हणजे पेप्टाइड. त्यातले काही प्रयोगशाळेत या विकराला अडवतात, मग मेलॅनिन कमी बनतं. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे!"

"मग मेलॅनिन वाईट असतं?"

"छे गं! माकूल हा समुद्री प्राणी काळी शाई सोडून शत्रूला चकवतो. त्या शाईचा काळा रंग म्हणजे मेलॅनिनच! आपलं मेलॅनिन उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांत दिवसभर राबणाऱ्यांची ती अंगचीच छत्री."

"म्हणजे माझी छत्री मोठी!" ती खुदकन हसली.

मला मात्र हसू येईना. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी मी परीची निवड नव्यानं केली. रंग न बघता, सगळ्यांना संवाद म्हणायला लावून.

कोण निवडलं गेलं, ओळखा पाहू!

तुमच्या बाई